परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

ज्या खेळात गुण द्यायला माणसं बसवावी लागतात तो खेळच नव्हे, असं ठणकावून सांगणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मराठी घरात रविवारी दुपारी जेवायला येतो. आमच्या घरी हे कार्य मावशीचे यजमान पार पाडतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं रस्त्यांची मोजमापं तपासली. त्यामुळे जे टेप लावून मोजता येत नाही ते या भूतलावर अस्तित्वातच नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. काकांनी तपासलेले सगळे रस्ते मोजमापात अगदी चोख आहेत. त्यांवरून चालता येत नाही, एवढंच.

"टेनिसकडे बघ," काका म्हणतात. "चेंडू आत पडला की आत, बाहेर पडला की बाहेर. विषय संपला! नाहीतर तुझं ते बर्फावरचं. नाच आहे तो, नाच! नऊ माणसं ओळीनं बसतात आणि कुणाचा झगा चांगला ते ठरवतात!"

काकांना समोरासमोर उत्तर देण्याची आमच्यात पद्धत नाही. एक तर ते वयानं मोठे आहेत, आणि दुसरं म्हणजे श्रीखंड त्यांनी आणलेलं असतं. म्हणून हा लेख.

वाद पेटतो तो दरवर्षी जानेवारीच्या अखेरीला. एकीकडे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम लढती येतात आणि त्याच सुमारास युरोपात फिगर स्केटिंगची अजिंक्यपद स्पर्धा असते. दोन्हींवर सारखाच जीव असलेल्या माणसाची अवस्था एकाच मुहूर्तावर दोन मुंजी घेतलेल्या भटजींसारखी होते. मेलबर्नची अंतिम लढत तिथल्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे आपल्या दुपारी दोनला. नेमकी वामकुक्षीवर! युरोपातलं स्केटिंग आपल्याकडे दिवेलागणीला सुरू होतं आणि झोपेवर येऊन बसतं. सोमवारी सकाळी डोळे लाल असतात, घरातली माणसं अबोल असतात आणि गिरणीत न्यायचं दळण डब्यात तसंच असतं.

नमुन्यादाखल २०१७ सालचे २७ ते २९ जानेवारी हे तीन दिवस घ्या. शुक्रवारी चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्रावा गावी सतरा वर्षांच्या एव्गेनिया मेदवेदेवानं २२९.७१ गुण मिळवले आणि कोरियाच्या किम युनानं २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये केलेला २२८.५६ चा विक्रम मोडला. शनिवारी मेलबर्नला पस्तीस वर्षांच्या सेरेनानं आपल्या थोरल्या बहिणीला, व्हीनसला, ६-४, ६-४ असं हरवून तेविसावं ग्रँड स्लॅम घेतलं. त्याच दिवशी ऑस्ट्रावाला स्पेनचा हाविएर फर्नांडिस सलग पाचव्यांदा युरोपचा विजेता झाला. आणि रविवारी दुपारी फेडरर-नदाल! दुखऱ्या गुडघ्यानं सहा महिने घरी बसलेला पस्तीस वर्षांचा फेडरर पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे होता. तिथून त्यानं ओळीनं पाच गेम घेतले. ६-४, ३-६, ६-१, ३-६, ६-३. म्हणजे उन्हातान्हाच्या स्पेननं त्या दोन दिवसांत बर्फावर कमावलं आणि कोर्टावर घालवलं. आपल्या सानिया मिर्झानंही त्या स्पर्धेत इव्हान डोडिगबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली होती. ती हरली, हे सांगताना आजही घसा बसतो.

टेनिस चालू असताना काका खुर्चीच्या कडेवर होते. स्केटिंग लागलं की ते गॅलरीत जाऊन तुळशीची पानं मोजत.

आता त्यांचा नाचाचा मुद्दा घेऊ. स्केटच्या बुटाखालचं पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद असतं. एवढ्याशा पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. लुट्झ नावाची उडी बाहेरच्या कडेवरून मारायची असते. शरीर एका बाजूला वळत आलेलं असतं आणि गिरकी घ्यायची ती उलट्या बाजूला. शेवटच्या क्षणी भल्याभल्यांचं पातं आतल्या कडेवर कलतं. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण ती उडी मग लुट्झ राहत नाही आणि गुण कापले जातात. अ‍ॅक्सेल ही उडी तेवढी पुढं तोंड करून घेतात आणि उतरायचं मात्र पाठमोरं, म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त. १८८२ साली अ‍ॅक्सेल पॉल्सन नावाच्या नॉर्वेच्या माणसानं ती दीड फेरीची मारून दाखवली. २०२२ च्या सप्टेंबरात इलिया मालिनिन या अमेरिकन पोरानं स्पर्धेत प्रथमच साडेचार फेऱ्यांची मारली. साडेचार! एक सेकंद पुरता व्हायच्या आत, आणि उतरायचं एका पायावर. आपल्याला फुगडीच्या सहा फेऱ्यांनंतर भिंत धरावी लागते.

आणि हे सगळं करताना चेहरा असा ठेवायचा की जणू सहज फिरायला निघालोय. टेनिसपटूला कण्हायची, ओरडायची, टॉवेलनं तोंड पुसायची आणि खूपच झालं तर रॅकेट आपटायची सोय आहे. बर्फावरच्या माणसाला कष्ट लपवण्याचेही कष्ट पडतात. काका नेमके ते लपवलेले कष्ट बघतात आणि म्हणतात, "कष्ट कुठायत?" आयुष्यभर गरम पोळी पानात पडलेल्या माणसानं स्वयंपाकाविषयी हेच म्हटलं होतं.

नाच आणि खेळ यांतला फरक बघायचाच असेल तर स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी बघावा. त्या दिवशी विजेत्यांचा नुसता कार्यक्रम असतो. गुण नाहीत, परीक्षक नाहीत, दिवे मंद. तीच माणसं, तोच बर्फ. पण गुडघ्यातली भीती गेलेली असते. अवघड उड्या गाळायच्या, प्रेक्षकांना हात करायचा, थोडी मस्करी करायची. तो नाच. आदल्या दिवशी त्याच मुलीनं तिसऱ्या उडीआधी घेतलेला श्वास आठवा. तो खेळ.

आता टेनिसच्या गणिताकडे वळू. आत तर आत, बाहेर तर बाहेर, हे खरं. पण ते ठरवतं कोण? २००४ साली अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत सेरेना आणि जेनिफर कॅप्रियाती यांच्या सामन्यात सेरेनाचे आत पडलेले चेंडू बाहेर ठरवले गेले आणि दूरदर्शनच्या पडद्यावर साऱ्या जगानं ते आत पडताना पाहिले. त्या गदारोळानं जोर धरला म्हणून २००६ पासून अमेरिकन ओपनमध्ये हॉक-आयचे कॅमेरे आले. म्हणजे तोवर शंभराहून अधिक वर्षं काकांचं शुद्ध गणित रेषेशी वाकून उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांवरच चाललं होतं. त्यांना परीक्षक न म्हणता लाइन्समन म्हणायचं, एवढाच काय तो फरक! २०१७ च्या त्या अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडूसुद्धा आठवा. फेडररचा फोरहँड रेषेवर पडला आणि नदालनं दाद मागितली. फेडरर पडद्याकडे बघत उभा. चेंडू आत होता असं यंत्रानं दाखवलं तेव्हा कुठं तो उड्या मारायला लागला. निकालाची वाट पाहत ताटकळणारा खेळाडू फक्त बर्फावरच असतो असं नाही, काका.

बरं, गणितच म्हणत असाल तर २०१९ ची विम्बल्डनची अंतिम लढत घ्या. फेडररनं एकंदर २१८ गुण जिंकले आणि जोकोविचनं २०४. जिंकला कोण? जोकोविच! आपल्या गिरणीवाल्यानं असा हिशेब केला तर आपण पोलिसात जाऊ. टेनिसमध्ये मात्र मोक्याचा गुण आणि बिनमोक्याचा गुण यांचा भाव वेगळा असतो. ते बरोबरच आहे. खेळाची गंमतच ती. पण मग स्केटिंगमध्ये अवघड उडीला भाव जास्त आणि सोपीला कमी, हे ऐकल्यावर काकांच्या भुवया का चढाव्यात?

आणि खरी गोम पुढंच आहे. त्या सामन्यानंतर काका आठवडाभर जेवले नीट नाहीत. "खरा जिंकला फेडररच," असं ते येईल त्याला सांगत होते. का? तर म्हणे, "त्याचा बॅकहँड बघ! अहाहा! काय तो हात! जोकोविच नुसती भिंत." वाचकहो, या 'अहाहा'ला तुम्ही काय म्हणाल? बर्फाशेजारच्या त्या नऊ खुर्च्यांवर बसलेली माणसं ज्याला सादरीकरणाचे गुण म्हणतात तेच हे! काका गेली वीस वर्षं दहावे परीक्षक म्हणून काम करत आहेत. फरक इतकाच की नऊजण गुण कागदावर लिहितात आणि काका सोफ्यावर बसून तोंडानं देतात. टेनिसच्या फळ्यावर या 'अहाहा'ला शून्य किंमत आहे. देखणा चेंडूही एक गुण आणि जाळीला लागून पलीकडे पडलेला भिकार चेंडूही एकच गुण. स्केटिंग हा असा खेळ आहे की ज्यानं तुमच्या 'अहाहा'ला हिशेबात धरायची हिंमत दाखवली. आणि तुम्ही त्याच्यावरच रागावता!

खरं म्हणजे हा खेळ मराठी माणसाला टेनिसपेक्षा आधी कळायला हवा. आपण रांगोळी स्पर्धा, भजन स्पर्धा, पाककृती स्पर्धा आणि गौरी-गणपतीची आरास स्पर्धा यांवर वाढलेली माणसं. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य आपण बालभारतीच्या आधी वाचलेलं असतं. फिगर स्केटिंगमधली 'फिगर'सुद्धा मुळात रांगोळीच. पात्यानं बर्फावर आठाचे आकडे काढायचे, एकदा काढलेल्या रेघेवरूनच पुन्हा पातं न्यायचं, आणि परीक्षक ओणवे होऊन ती रेघ न्याहाळायचे. एकेकाळी निम्म्याहून अधिक गुण या आठांनाच होते. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून ती आकृती गेली, नाव राहिलं. आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक? २०२२ साली अंतिम फेरी झाल्यावर त्याच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. केवढी आरडाओरड झाली! पण टेनिसला हे कधी जमेल का? दोघंही कितीही वाईट खेळले तरी एकाला चषक द्यावाच लागतो.

इथं काका आपला हुकमी एक्का काढतात. "पण परीक्षक पैसे खातात त्याचं काय? संगनमत करतात त्याचं काय?"

हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियाची बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे ही जोडी कॅनडाच्या साले-पेलेतिए जोडीवर पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. मग फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी आपल्यावर स्वतःच्याच संघटनेकडून दडपण आल्याचं सांगितलं, आणि पुढं ते नाकारलंही. बाई आणि त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष तीन-तीन वर्षांसाठी निलंबित झाले आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं. एका पदकाची दोन झाली. आपल्याकडे ताटात लाडू कमी पडले की करतात तसं!

यावर उपाय काय झाला, तो ऐकण्यासारखा आहे. जास्तीत जास्त सहा गुणांची जुनी पद्धत गेली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत आली. हे उत्तम झालं. पण त्याबरोबर कुठल्या परीक्षकानं किती गुण दिले ते गुप्त ठेवायचं ठरलं. २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकला बारा परीक्षक बसवून त्यांतल्या नऊजणांचेच गुण संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून धरले. का? तर परीक्षकांवर दडपण येऊ नये! म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्याला पकडल्यावर सर्व गवळ्यांना बुरखे द्यायचे, म्हणजे कुणी त्यांना पाणी घालायचा आग्रह करणार नाही.

बुरखा म्हणजे काय असतं ते आमच्या भाचीला विचारा. नऊ वर्षांची असताना ती एका कथाकथन स्पर्धेत उतरली होती. महिनाभर आजीपुढं रोज संध्याकाळी तालीम. स्पर्धेत तिला काही मिळालं नाही, अगदी उत्तेजनार्थसुद्धा. पोरगी रडली नाही, रुसली नाही. तिनं आयोजकांपाशी जाऊन एवढंच विचारलं, "माझं कुठं चुकलं?" ते म्हणाले, "बाळ, ते गोपनीय असतं." पुढच्या वर्षी तिनं नाव दिलं नाही. हरली म्हणून नव्हे. काय दुरुस्त करायचं तेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता बर्फावरची गुणपत्रिका बघा. स्पर्धा संपली की ती कुणालाही वाचता येते. तिसरी उडी फेरी पुरी व्हायच्या आत उतरली, ही घ्या खूण. लुट्झ चुकीच्या कडेवरून घेतली, ही घ्या खूण. गिरकी सुरेख, हे घ्या जादा गुण. हरलेल्या पोरीला कळतं की आपलं नेमकं कुठं चुकलं. एकच गोष्ट कित्येक वर्षं त्या कागदावर नव्हती, ती म्हणजे कुणाचे गुण कुठले. ती २०१६ च्या जून महिन्यात आली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं ठराव करून परीक्षकांचे बुरखे काढले. म्हणजे २०१७ ची ऑस्ट्रावाची स्पर्धा ही त्यानंतरची पहिलीच युरोपीय स्पर्धा! मेदवेदेवाचा विक्रम झाला तेव्हा कुणी किती हात सैल सोडला ते नावानिशी कागदावर होतं. काका गॅलरीत तुळशीची पानं मोजत होते तेव्हा आत एवढी मोठी सुधारणा चालली होती.

मी असं मुळीच म्हणत नाही की नावं छापली म्हणजे परीक्षक संत झाले. आपल्या देशाच्या पोरीला पाव गुण जास्त देण्याचा मोह माणसाला व्हायचाच. पण नाव खाली असलं की तो पाव गुण दिसतो, त्याच्यावर बोट ठेवता येतं, आणि ज्याच्यावर बोट ठेवायचं तो बोटाच्या टोकाशी सापडतो.

टेनिसनं उलटी वाट धरली. माणूस चुकतो? काढा माणूस! १८७७ पासून चालत आलेल्या विम्बल्डनमध्ये २०२५ साली रेषेवर प्रथमच एकही माणूस नव्हता. सगळा कारभार कॅमेऱ्यांकडे. आणि त्याच वर्षी सेंटर कोर्टावर पाव्ल्युचेन्कोवा आणि सोने कार्तल यांच्या सामन्यात कार्तलचा चेंडू रेषेबाहेर पडला आणि यंत्र गप्प! कोर्टाच्या त्या बाजूची यंत्रणा कुणीतरी चुकून बंद केली होती. बाहेर पडलेल्या चेंडूबद्दल पंचानं गुण पुन्हा खेळायला लावला. तो गेम पाव्ल्युचेन्कोवानं गमावला. सामना जिंकली म्हणून निभावलं. मागाहून आयोजकांनी माफी मागितली आणि सांगितलं, ही मानवी चूक! माणसं काढून टाकली, मानवी चूक मात्र तेवढी शिल्लक ठेवली. पूर्वी चुकणारा लाइन्समन निदान समोर उभा असायचा. मॅकेन्रोला ओरडायला एक चेहरा होता. कळ दाबणाऱ्यावर कसं ओरडणार? तो पडद्यामागे.

रेषेपुरतं यंत्र जरूर असावं, माझी ना नाही. आत आणि बाहेर त्याला आपल्यापेक्षा बरं कळतं. पण चांगलं आणि वाईट, सुंदर आणि नुसतंच बरोबर, हे कुणीतरी बघून, पारखून, स्वतःच्या जबाबदारीवर सांगावं लागतं. परीक्षकच नकोत म्हणणारा माणूस न्यायाच्या बाजूचा वाटतो खरा, पण त्याला न्याय करण्याची कटकट नको असते. म्हणून तो टेप काढतो. टेपवर जबाबदारी ढकलता येते. मग रस्ता मोजमापात बसतो आणि पाय खड्ड्यात जातो. आणि जो परीक्षक म्हणतो की माझा निर्णय अंतिम, पण माझं नाव सांगू नका, तो याच टेपचा धाकटा भाऊ.

तेव्हा काका, आमची मागणी एका ओळीची आहे. परीक्षक हवेत, पण सहीनिशी हवेत. बर्फावर, कोर्टावर, कथाकथनाला, रांगोळीला आणि रस्त्यालाही. मोजमाप-पुस्तकात जशी सही असते, तशीच चालणाऱ्याला दिसेल अशी एखाद्या खांबावर असू द्या.

या लेखालाही तुम्ही गुण द्यालच. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. खुशाल कापा. उडी अर्धवट राहिली असेल तर तशी खूण करा, कडा चुकली असेल तर तीही दाखवा. फक्त खाली नाव घाला.